मंगळवारचा साधा तास

"आयकार्ड?"

फाटकावरच्या वॉचमनदादांनी हात आडवा केला. आयकार्ड आमच्याकडे नव्हतं.

"दादा, कॉलेज बघायला आलोय."

"ऑफिस अकरा ते दोन. फॉर्म ऑनलाइन."

"फॉर्म नकोय. हिला एक तास वर्गात बसायचंय."

त्यांनी भाचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ऑफिसकडे बोट दाखवलं. त्यांचा दोष नाही. असंही कोणी विचारायला येईल, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

भाची वाईला असते, यंदा बारावीत आहे. दातांना तारा बसवल्यात, म्हणून महिन्यातून एकदा पुण्याला डॉक्टरांकडे यावं लागतं. जुलैच्या खेपेला दोन दिवस राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला कॉलेज बघायचंय." मी म्हटलं, चल, लायब्ररी बघू, ग्राउंड बघू, कँटीनमध्ये चहा पिऊ. तर म्हणाली, "तसं नाही गं. तास बघायचाय. शिकवतात कसं ते."

मला हे सुचलं नव्हतं. माझ्या ओळखीत ज्यांची मुलं गेल्या दहा वर्षांत कॉलेजात गेली, त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. "कशासाठी बसायचंय वर्गात?" "शिकवतात कसं ते बघायला." "तुम्ही कुठल्या कमिटीवर आहात का?" "नाही. मी हिची मावशी." त्या आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. "नाही हो, असं बसता येत नाही. आणि मॅडम, ॲडमिशन झाल्यावर रोज बसायचंच आहे की तिला."

रोज बसायचं आहे, म्हणूनच आधी एकदा बसायचं आहे.

हिशेब करून बघा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास. म्हणजे कमीत कमी १,८०० तास, आणि प्रॅक्टिकल असलं की त्याहून जास्त. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलं आयुष्यातले हे १,८०० तास एका संस्थेच्या स्वाधीन करतात. त्यातला एकही तास आधी बघायला मिळत नाही.

आणि निवड तर आपण त्यांच्याकडून पुष्कळ करून घेतो. अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाली; तिच्यात दहा कॉलेजांचा पसंतिक्रम भरता येतो. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत तर तीनशेपर्यंत पर्याय भरायची सोय आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. इतका गंभीर नियम आहे पसंतीचा! मग ती पसंती मुलाने कशावरून ठरवायची? सायबर कॅफेत शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलं म्हणून? आत्येभाऊ तिथे होता म्हणून?

कट-ऑफवरून ठरवतात. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत जून-जुलैत हा एकच शब्द ऐकू येतो. मागल्या वर्षी कितीला बंद झालं? चौऱ्याण्णवला? मग चांगलं असणार. कट-ऑफ सांगतो ते एवढंच, की तिथे किती गुणांची मुलं शिरली. शिरल्यावर त्यांना कोणी काय शिकवलं, हे त्यात कुठेही नाही. पंच्याण्णव टक्क्यांची मुलं आत घ्यायची, तीन वर्षांनी पंच्याण्णव टक्क्यांचीच बाहेर काढायची आणि मधल्या काळाचं श्रेय फलकावर लावायचं, असं चालवणारी कॉलेजं आहेत. साठ टक्क्यांचा मुलगा घेऊन त्याला विषयाची गोडी लावणारीही आहेत. त्यांचा कट-ऑफ साठच दिसतो, म्हणून कोणी तिकडे वळत नाही.

माहितीपुस्तिका उघडा. संस्थापकांचा फोटो, इमारतीचा फोटो, जिमखाना, वाय-फाय, प्लेसमेंटचे आकडे, स्नेहसंमेलनातलं एक नृत्य. वर्गाचा फोटो असतो, त्यात सगळी मुलं फळ्याकडे बघून हसत असतात. कुठल्या खऱ्या वर्गात सगळी मुलं फळ्याकडे बघून हसतात?

बाहेरच्यांना वर्गात येऊ द्यायची कॉलेजांना सवय नाही, असं मात्र समजू नका. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या, १९९४ साली स्थापन झालेल्या नॅकची समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागायचा, दप्तरं लावली जायची, आणि समितीला एकूण एक खोली दाखवली जायची. ते योग्यच होतं, तपासणी व्हायलाच हवी. पण समिती दोन-तीन दिवसांत परत जायची. ज्याला तीन वर्षं तिथे बसायचं आहे, तो फाटकाबाहेर.

यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. नव्या मुलांना कॉलेजची, प्राध्यापकांची, विषयाची ओळख कशी करून द्यावी, ते तिच्यात आहे. कल्पना चांगली आहे. पण ही ओळख फी भरल्यावरची.

आता रस्त्याच्या पलीकडे बघा. जेईई-नीटचे खासगी क्लास. तिथे जाऊन म्हणा, मुलीला एक दिवस बसवून बघायचंय. पाण्याची बाटली हातात देऊन आत नेतील. 'डेमो लेक्चर' हा शब्द आज वाईच्या मुलीलाही माहीत आहे. क्लासवाल्यांनी ओळखलं, की पालक पैसे मोजण्याआधी बघू इच्छितो. कॉलेजांनी हे ओळखलं नाही, कारण त्यांना गरज पडली नाही. रांग लागलेलीच असते.

पण मला डेमो लेक्चरही नको आहे. डेमोला क्लासचा सगळ्यात गाजलेला मास्तर उभा करतात. तो तासभर मुलांना हसवतो आणि पैसे भरल्यावर बॅचला दुसराच कोणी येतो. कॉलेजांनी उद्या 'ओपन हाउस' ठेवलं, दाराला तोरण बांधलं आणि विभागप्रमुखांचं भाषण ठेवलं, तर तो समारंभ झाला. मुलांना हवा आहे मंगळवारचा साधा तास. अकरा वाजताचा. ज्यात हजेरी होते, खडू तुटतो, मागे कुणीतरी पेंगतो, आणि शिकवणारा जसा रोज शिकवतो तसाच शिकवतो.

असा तास बघायला मिळाला तर काही ठिकाणी वेगळाच पेच येईल. बघायला वर्ग भरलेला तरी हवा! अकरावी-बारावी विज्ञानाच्या अनेक कॉलेजांनी क्लासशी संधान बांधलं आहे. 'इंटिग्रेटेड' असं त्याला नाव आहे. प्रवेश कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरतं. हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठ्याचं यंत्र बसवण्यापेक्षा सोपा उपाय आहे. दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना कुठल्याही मंगळवारी वर्ग बघायची मुभा द्या. रिकामे बाक त्यांना आपोआप दिसतील.

आणखीही दिसेल. अनेक कॉलेजांत शिकवणारे पुष्कळ तरुण तासिका तत्त्वावर आहेत. तासावर पैसे, सुट्टीत काही नाही. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. कायम जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. हे आज प्राध्यापकांच्या संघटना बोलतात आणि बाकीचे कानाआड करतात. पालक वर्गात बसला, तास संपल्यावर सरांशी दोन शब्द बोलला आणि सर गाडीला किक मारून पुढच्या कॉलेजकडे निघालेले त्याने पाहिले, की रिकाम्या जागांचा प्रश्न त्याचाही होईल.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला सुरक्षिततेचा. तो मी झटकून टाकणार नाही. मुलींच्या कॉलेजात कोणीही उठून शिरू नये, हे बरोबरच. मग एक दिवसाची चिठ्ठी द्या. शाळेचं ओळखपत्र बघा, नाव लिहून घ्या, सही घ्या, जाताना चिठ्ठी परत घ्या. दवाखान्यात रुग्णाला भेटायला जाणाऱ्याला पास देतात, इतकं साधं काम आहे ते.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा. आम्ही काय दुकान मांडलंय का, की गिऱ्हाईक येऊन बघून जाईल? हा राग मला कळतो, आणि मान्यही आहे. म्हणून प्राध्यापकाला आधी विचारावं. त्याने नाही म्हटलं तर नाही. बघायला येणाऱ्या मुलाने घंटेआधी यावं, मागे बसावं, मोबाइल बंद ठेवावा, तास अर्ध्यावर सोडून उठू नये, आणि बाहेर जाऊन कुणाच्या शिकवण्याला तारे वाटू नयेत. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या घरी जावं तसं जावं. पण ज्यांना शिकवायला आवडतं, अशा प्राध्यापकांपैकी वर्गात एक जास्तीचा कान आला म्हणून रागावलेलं मी कोणाला पाहिलेलं नाही.

बाहेर हे चालतं. अमेरिकेत अनेक कॉलेजांच्या प्रवेश विभागाकडे नाव नोंदवलं, की शाळकरी मुलाला एखाद्या तासाला बसवतात. सेंट जॉन्स कॉलेजचंच बघा. त्याचे दोन परिसर आहेत, एक ॲनापोलिसला आणि एक सांता फेला. तिथे मूळ ग्रंथ वाचून टेबलाभोवती चर्चा करत शिकायची पद्धत आहे, आणि ती आपल्याला मानवेल का, हे बघायला आलेल्या मुलाला वर्गात घेतात. पद्धत ऐकून कळत नाही, बसूनच कळते, हे त्यांना ठाऊक आहे. जर्मनीत तर यासाठी शब्दच आहे, श्नुपरश्टुडिउम. श्नुपर्न म्हणजे हुंगणं. शिक्षणाचा वास घेऊन बघणं. पॅरिसचं कोलेज द फ्रान्स १५३० पासून आहे. तिथे पदवी नाही, नावनोंदणी नाही, फी नाही. व्याख्यान ऐकायचंय? या, बसा.

आपल्याकडे ही परंपरा नाही, असं कोणी म्हणेल तर ते मला पटणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. दीडशे वर्षं झाली. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोणीही जाऊन विद्वानाचं व्याख्यान ऐकू शकतो. १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेतल्या मुलांसाठी व्याख्यान ठेवत आली आहे, आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दारं सगळ्यांना उघडी असतात. खगोलशास्त्रातलं देशातलं अव्वल संशोधन जिथे चालतं, त्या संस्थेला शाळेतली मुलं सभागृहात चालतात. मग एफ.वाय.च्या वर्गात बारावीची मुलगी का चालत नाही?

आणि एकदा भिंत पडलीच होती की. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तास घरात आले. कितीतरी आयांनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पहिल्यांदा ऐकलं, आपल्या मुलाला कॉलेजात काय शिकवतात ते. काहींना धक्का बसला. काहींना त्या सरांचं कौतुक वाटलं. माझी शेजारीण एका इतिहासाच्या प्राध्यापकांच्या तासाच्या वेळी कुकर लावायची नाही, शिट्टीत आवाज बुडतो म्हणून. कॉलेजं उघडली आणि दार पुन्हा लागलं. कुणालाही वाटलं नाही, की यातलं काही ठेवायला हवं होतं.

भाचीचं काय झालं ते सांगते. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, "येऊ दे की. फक्त पहिल्या बाकावर नको, माझी मुलं बुजतात." सकाळी ती स्वतः फाटकावर येऊन भाचीला आत घेऊन गेली. मी बाहेर थांबले.

तास दुसऱ्या वर्षाचा होता. भाचीला सगळं समजलं नाही, पण जेवढं समजलं ते तिने रिक्षात मला शिकवलं. नमुन्याचं विचरण काढताना एनने न भागता एन वजा एकने का भागायचं, असा प्रश्न होता. मॅडमनी विचारलं आणि गप्प उभ्या राहिल्या. एक मुलगा म्हणाला, "पहिला आकडा धरत नाहीत म्हणून." वर्ग हसला. मॅडमनी त्याचं उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं. मग म्हणाल्या, तीन आकडे आहेत, सरासरी ५. पहिला ४, दुसरा ७. तिसरा किती? सगळे म्हणाले, ४. दुसरा काही असू शकतो का? नाही. म्हणजे तिसऱ्याला मोकळीकच नाही. मग त्या कोपऱ्याकडे वळल्या आणि त्या मुलाला म्हणाल्या, "एक आकडा मोकळा नाही, हे तुला दिसलं. बरोबर आहे. पण तो पहिलाच का? आता तू सांग."

"मावशी, त्यांनी चुकीचं उत्तर पुसलं नाही," भाची म्हणाली. हे तिने दोनदा सांगितलं.

त्यानंतर ती अर्थशास्त्राच्या तासाला बसली. अर्थशास्त्र घ्यायचं तिच्या मनात दोन वर्षांपासून आहे. वर्ग खच्चून भरलेला, माईक बंद. प्राध्यापक तळमळीने बोलत होते, पण शेवटच्या तीन रांगांना ऐकू येत नव्हतं. विषयाबद्दल तिचं मत बदललं नाही. पण आता कुठल्याही कॉलेजला विचारायचा एक प्रश्न तिच्याकडे आहे: अर्थशास्त्राच्या एका तुकडीत मुलं किती? हा प्रश्न कुठल्याही माहितीपुस्तिकेने तिला सुचवला नसता.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली. संख्याशास्त्राच्या मॅडम इंग्रजीत शिकवत होत्या, पण मुलं अडली की मराठीत येत होत्या आणि सुटली की परत इंग्रजीत जात होत्या. भाची मराठी माध्यमाची. कॉलेजात सगळं इंग्रजीत, आपल्याला झेपेल का, ही भीती गेलं वर्षभर तिने कुणालाच सांगितली नव्हती. मलाही नाही. ती भीती त्या तासात अर्धी झाली, असं ती म्हणाली. समुपदेशकाची फी भरूनही हे झालं असतं की नाही, मला शंका आहे.

करायचं काय, ते अवघड नाही. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, तेव्हा पहिल्या वर्षाचे वर्ग भरलेले नसतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे तास सुरू झालेले असतात. तिथे बसवा. दिवाळीनंतरच्या सत्रात अकरावीच्या मुलांना बोलवा, त्यांच्यावर बोर्डाचं ओझं नसतं. ज्या कॉलेजांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे, त्यांनी तर आपल्याच मुलांना जिना चढून वर नेलं तरी पुरे. नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या मुलांना एका तासासाठी पुण्याला या म्हणणं अन्याय आहे. त्यांच्यासाठी प्रत्येक विभागाने एक साधा, न सजवलेला तास आपल्या संकेतस्थळावर ठेवावा. तास चित्रित करायला आपण २०२० मध्येच शिकलो आहोत. आणि त्या मुलांच्या तालुक्यातलं कॉलेज त्यांच्या घराजवळ आहे. दार तिथेही उघडायला हवं.

सरकारी आदेशाची वाट बघू नका. प्राचार्यांच्या सहीने हे होतं. शिक्षकांनी वर्गाच्या दाराशी एक कागद लावला, या तासाला पाहुण्या विद्यार्थ्यांना बसता येईल, तरी होतं. आणि पालकांनो, पुढच्या वेळी कॉलेजच्या खिडकीशी गेलात की फी विचारण्याआधी तास बघायला मागा. पहिल्या दहा जणांना नाही म्हणतील. शंभरावा येईपर्यंत त्यांच्याकडे चिठ्ठ्यांचं पुस्तक छापलेलं असेल.

पुढच्या महिन्यात भाचीची दातांच्या डॉक्टरांकडे पुन्हा तारीख आहे. तिला आता आणखी एका कॉलेजात तास बघायचाय, अर्थशास्त्राचाच. तिथे आमच्या ओळखीचं कोणी नाही.